सहकाऱ्याने रुग्णाची माहिती घरी सांगितली : तक्रार करावी का?

प्रश्न असा आहे. बेळगावातील एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण स्टाफ नर्सच्या वॉर्डातील एका ज्येष्ठ सिस्टरने, दुसऱ्या विभागात उपचार घेणाऱ्या एका मुलीची नोंद संगणकावर उघडून पाहिली. मुलगी खानापूर तालुक्यातील, आणि तिचे स्थळ त्या सिस्टरच्या भाच्यासाठी आलेले. मुलीला फिट येतात आणि तिची औषधे सुरू आहेत, हे त्याच संध्याकाळी मोबाईलवरून घरच्यांपर्यंत पोहोचले व काही दिवसांत बोलणी मोडली. ज्येष्ठ सिस्टर प्रश्न विचारणारीच्या शेजारच्या गावच्या आहेत, नोकरीसाठी शब्द त्यांनीच टाकला होता, आणि ही त्यांना अक्का म्हणते. अक्कांचे म्हणणे असे, की "मी बाहेर कुणाला सांगितलं नाही, घरात सांगितलं, पोराच्या जन्माचा प्रश्न होता." तेव्हा तक्रार करावी की गप्प बसावे, असे तिने विचारले आहे.

मी सीमाभागातील रुग्णालयांत शुश्रूषा विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि पुढे अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीवरही बसले आहे. माझे उत्तर आधीच देते : तक्रार करावी, लेखी करावी, आणि प्रथम रुग्णालयाच्या आत करावी. मात्र ती कोणत्या कारणासाठी करायची आणि कोणत्या शब्दांत करायची, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

तुमच्या पत्रात अक्का आहेत, तुम्ही आहात, इनचार्ज सिस्टर आहेत, गावातले लोक काय म्हणतील हेही आहे. ज्या मुलीची माहिती बाहेर गेली ती मात्र एका ओळीपुरतीच आली आहे. आपली सोयरीक का मोडली हे तिला बहुधा अजून कळलेले नाही. ती त्याच रुग्णालयात पुढच्या तारखेला येणार आहे, त्याच ओपीडीत बसणार आहे, आणि डॉक्टर विचारतील त्याची खरी उत्तरे देणार आहे, कारण इथे सांगितलेले इथेच राहते असा तिचा समज आहे. उद्या तिला गावातून उडत उडत ही बातमी कळली, तर ती पहिली कोणती गोष्ट करेल याचा विचार करा. ती येणे बंद करेल. फिटची औषधे अशी एकाएकी बंद केली, तर फिट पुन्हा येऊ लागतात, आणि कधी एकामागून एक येत राहून जिवावर बेततात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी या प्रकरणाकडे दोन सिस्टरमधला वाद म्हणून पाहत नाही. एका रुग्णाच्या उपचारालाच धोका निर्माण झाला आहे, आणि तो धोका ओळखून काही करू शकणारी यंत्रणा फक्त रुग्णालयाकडे आहे. त्या यंत्रणेला कळल्याशिवाय ती हलणार नाही, आणि आज ते कळवू शकणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात.

आपल्या भागात ही गोष्ट अधिक जपावी लागते. बेळगावला रुग्ण येतात ते खानापूर, हुक्केरी, निपाणीकडून, तसेच चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याहून आणि गोव्यातूनही. मोठे उपचार इथे मिळतात हे एक कारण; दुसरे कारण असे, की आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात गेले तर चार माणसे ओळखणार, त्यापेक्षा लांब गेलेले बरे. पण रुग्णालयातला कर्मचारीही त्याच गावांतून येतो. चंदगडकडून आलेली एक विवाहित बाई मला आठवते. केस पेपर काढताना काउंटरवरच्या मुलाने तिचे गाव ऐकून सहज विचारले, "म्हणजे अमक्यांच्या घरच्या का?" बाईने मान हलवली, पावतीचे पैसे दिले, आणि ओपीडीकडे न वळता सरळ फाटकाबाहेर निघून गेली. त्या मुलाने कोणाला काहीही सांगितले नव्हते. ओळख पटली, एवढेच तिला पुरेसे होते. जिथे केवळ ओळखीच्या भीतीने बाई उपचार सोडून जाते, तिथे अहवालच कुणाच्या घरी पोहोचतो असा बोभाटा झाला, तर त्या पंचक्रोशीतल्या किती लेकीसुना दवाखान्याची पायरी चढतील?

आता अक्कांच्या म्हणण्याकडे येते. ते मी हलक्यात घेत नाही, कारण आपल्यातले पुष्कळ लोक मनातून त्यांच्याच बाजूचे असतात. लग्नासारख्या गोष्टीत आजार लपवू नये, असे मलाही वाटते. पण तो सांगायचा की नाही, केव्हा सांगायचा आणि कोणत्या शब्दांत, हे त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचे आहे. कदाचित पुढच्या बैठकीत ते सांगणारही होते. मुलीने स्वतः सांगितले असते, तर सोबत हेही सांगता आले असते की औषध नियमित घेतल्यास बहुतेक रुग्णांची फिट आटोक्यात राहते, त्या संसार करतात, त्यांना मुले होतात. मोबाईलवरून गेलेल्या एका वाक्यात यातले काहीच नव्हते. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे हा विवाहातला अडसर म्हणून नमूद होता, तो शब्द संसदेने १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. जो आजार कायद्यानेही लग्नाच्या आड येऊ दिला नाही, त्याच्यासाठी फाईल उघडण्याचा अधिकार भाच्याच्या मावशीला कुठून येणार?

काही जण इथे डॉक्टरांसाठीच्या नियमांचा आधार घेतात, म्हणून तेही पाहू. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचार विनियमांनुसार रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करायचे नाही. अपवाद तीनच : न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि निश्चित धोका, आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले रोग. फिटचा आजार जोडीदाराला लागत नाही, त्यामुळे दुसरा अपवाद इथे लागू होत नाही. ज्या आजारात धोका खरोखर असतो, तिथेही वाट किती अरुंद ठेवली आहे ते पाहण्यासारखे आहे. एचआयव्ही असलेल्या एका व्यक्तीची माहिती रुग्णालयाने उघड केली आणि तिचे ठरलेले लग्न मोडले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली रुग्णालयाला दोषी धरले नाही. त्या निकालाचा दाखला अजूनही दिला जातो. परंतु त्यानंतर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. त्यानुसार जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टरला किंवा समुपदेशकाला आहे, आणि तीही रुग्णाने स्वतः सांगावे म्हणून समुपदेशन करून झाल्यावर, तो सांगणार नाही याची खात्री पटल्यावर, आणि आपण सांगणार आहोत हे त्याला कळवल्यावर. सांगायचे तेही समोरासमोर. आणि रुग्ण स्त्री असेल व सांगितल्याने तिला मारहाण किंवा छळ होण्याची भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगायचे नाही. एचआयव्हीच्या बाबतीत जिथे इतक्या पायऱ्या आहेत, तिथे वॉर्डातल्या सिस्टरने फिटच्या रुग्णाची माहिती घरी कळवण्याला कोणताही आधार उरत नाही. परिचारिकांसाठीच्या आचारसंहितेतही रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे कर्तव्य म्हणूनच सांगितले आहे, आणि "घरात" सांगणे म्हणजे बाहेर सांगणे नव्हे, अशी सवलत तिथे नाही.

प्रत्येक चुकीची लेखी तक्रार करावी, असे मात्र माझे मत नाही. लिफ्टमध्ये दोघी सिस्टर रुग्णाचे नाव घेऊन बोलत आहेत, कोणाचा तरी केस पेपर टेबलावर उघडा पडला आहे, ओपीडीत नाव पुकारताना ब्रदरने आजारही पुकारला, अशा वेळी तिथल्या तिथे, बाजूला घेऊन, आवाज न चढवता सांगावे. बहुतेक माणसे ओशाळतात आणि पुढे जपून वागतात. तेच पुन्हापुन्हा घडत असेल, तर इनचार्जना सांगावे म्हणजे व्यवस्था बदलता येते. तुमच्या प्रसंगात ज्या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्यामुळे तो या पातळीच्या पलीकडे जातो. फाईल कामासाठी नव्हे, हेतूने उघडली गेली. माहिती रुग्णालयाबाहेर गेली. आणि रुग्णाचे नुकसान झाले, ते अजून वाढू शकते. यातली एकच गोष्ट असती तर मी कदाचित "आधी अक्कांशी बोला" म्हटले असते. तिन्ही असताना तसे बोलणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या रडतील, शपथ घालतील, मोबाईलमधले संदेश पुसतील, आणि तुम्ही त्या शपथेत अडकून बसाल.

तक्रार करण्यापूर्वी तुमच्या हातून काय होऊ नये, हे तक्रारीइतकेच महत्त्वाचे आहे. खात्री करून घेण्यासाठी म्हणून त्या मुलीची नोंद तुम्ही स्वतः उघडू नका. ती तुमच्याही वॉर्डातली रुग्ण नाही, आणि तुमच्या लॉगिनने ती उघडली गेली तर चौकशीत तुमचेही नाव येईल, तेही योग्य कारणाने. स्क्रीनचा फोटो काढू नका. अक्कांचा संदेश कोणी तुम्हाला पुढे पाठवला असेल, तर तो पुढे धाडू नका, आणि पुसूही नका. मागतील तेव्हा वैद्यकीय अधीक्षकांना दाखवा. ड्यूटीवरच्या मैत्रिणींत "तुला काय वाटतं" म्हणून चर्चा करू नका, कारण सल्ला विचारता विचारता तीच माहिती आणखी चार जणींकडे जाते. मुलीच्या घरीही तुम्ही परस्पर सांगायला जाऊ नका. तुमचा हेतू चांगला असला, तरी ओळखीच्या एका सिस्टरने माहिती बाहेर नेली आणि दुसरी ती घेऊन दारात आली, एवढेच त्या घराला दिसेल.

पत्र लहान ठेवा. त्यात तुम्ही काय पाहिले, काय ऐकले आणि केव्हा, एवढेच असावे. का केले असेल, स्वभाव कसा आहे, पूर्वी काय घडले होते, हे काही नको. साधारण असे : "अमुक तारखेला दुपारच्या ड्यूटीत साडेचारच्या सुमारास आमच्या नर्सिंग स्टेशनच्या संगणकावर सिस्टर अमुक यांनी, आमच्या वॉर्डात दाखल नसलेल्या एका रुग्णाची नोंद उघडलेली मी पाहिली. त्यातील माहिती आपण नातेवाइकांना कळवल्याचे त्यांनी अमुक तारखेला माझ्याजवळ स्वतः सांगितले. रुग्णाचे नाव मी आपल्याला समक्ष सांगेन. त्या दिवसाच्या लॉगिनच्या नोंदी जपून ठेवाव्यात, ही विनंती." पत्रात मुलीचे नाव नाही, गाव नाही, आजार नाही, हे लक्षात घ्या. तक्रारीचा कागद टपालातून, क्लार्कच्या टेबलावरून, झेरॉक्सच्या यंत्रातून जातो, आणि तिथेही आपलीच माणसे असतात.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे येतोच. मेट्रन (शुश्रूषा विभागाच्या प्रमुख) किंवा अधीक्षक मराठी वाचत नसतील, तर पत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्यावे लागेल, आणि आपल्या मुली ते कोणाकडून तरी लिहून घेतात. नाव आणि आजार वगळलेला मजकूर असेल, तर तो लिहून देणाऱ्यालाही काही कळत नाही. हे आणखी एक कारण. तुम्हाला स्वतःला जमेल त्या साध्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या तरी चालतील, भाषेचे गुण कोणी देत नाही.

हे पत्र इनचार्जमार्फत मेट्रनकडे जाण्याचा शिरस्ता आहे. इनचार्ज आणि अक्का यांचे घरोब्याचे संबंध असतील, तर थेट मेट्रनकडे किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. निनावी पत्राचा मोह टाळावा, असे मला वाटते. त्या दिवशी त्या ड्यूटीवर कोण होते हे रोस्टरवर लिहिलेले असते, त्यामुळे नाव लपत नाही; उलट चौकशी करणाऱ्याला कोणाला काही विचारता येत नाही आणि संशय भलत्याच मुलीवर जातो.

लॉगिनच्या नोंदींविषयी मुद्दाम लिहिते. बहुतेक रुग्णालयांच्या संगणक प्रणालीत कोणत्या लॉगिनने कोणती फाईल केव्हा उघडली, हे नोंदले जाते, म्हणून तुमच्यावर पुरावा गोळा करण्याची जबाबदारी नाही. तारीख आणि वेळ नेमकी सांगितली की पुरे. पण संगणकाच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला इनचार्जचा पासवर्ड मी किती वॉर्डांत पाहिला आहे! सगळा वॉर्ड एकाच लॉगिनवर काम करत असेल, तर नोंद इनचार्जच्या नावावर निघेल, त्या बिचाऱ्या रजेवर असल्या तरी. तुमच्या वॉर्डात तसे असेल, तर तेही पत्रात लिहा. एका निरपराध बाईवर बालंट येण्यापेक्षा ते बरे, आणि अशा एका तक्रारीतूनच सगळ्यांना स्वतंत्र लॉगिन मिळाल्याचेही मी पाहिले आहे.

अक्कांची नोकरी जाईल, ही तुमच्या मनातली सर्वांत मोठी भीती असावी. शिक्षा ठरवणे तुमच्या हातात नाही, आणि पत्रात तशी मागणीही करू नका. पहिलीच वेळ असेल आणि त्यांनी कबूल केले, तर लेखी समज, काही काळ दुसऱ्या विभागात बदली, प्रशिक्षण, असे मार्ग रुग्णालयापुढे असतात. समितीवर असताना मी नेहमी पाहत आले, की लगेच कबूल करणाऱ्याला सांभाळून घेता येते. महिनाभर लपवलेले आणि मग रुग्णाच्या वकिलाकडून कळलेले प्रकरण कोणालाच सांभाळता येत नाही. त्यांनी तुमच्यासाठी शब्द टाकला, त्याची जाण ठेवायलाच हवी. त्यांच्या घरी अडीनडीला धावून जा, त्यांच्याशी बोलणे तोडू नका, आणि त्यांनी समोरून विचारले तर "होय, मी लिहून दिलं" असे सांगा. पण त्या उपकाराची फेड तुम्ही तुमच्या स्वतःच्या वागण्यातून करायची आहे. ती त्या मुलीच्या फाईलमधून करता येणार नाही.

गावात आणखी एक बोलणे होईल, त्याचीही तयारी ठेवा. अधिकारी कन्नड आणि तक्रार मराठी सिस्टरविरुद्ध, म्हणजे "आपल्याच माणसाला त्यांच्या पुढ्यात उभं केलं" असे कोणीतरी म्हणेल. सीमाभागात हा शब्द फार लागतो, मला त्याची कल्पना आहे. त्याला माझे उत्तर इतकेच, की खानापूरची ती मुलगीही आपलीच आहे, आणि तिच्या बाजूने बोलायला अजून कोणी उभे राहिलेले नाही.

कायद्याचे संरक्षण तुम्हाला किती, हे प्रामाणिकपणे सांगते. तक्रारदारांच्या संरक्षणासाठी २०१४ साली संमत झालेला कायदा लोकसेवकांविषयीच्या तक्रारींसाठी आहे, खासगी रुग्णालयातल्या सहकाऱ्याविषयीच्या तक्रारीला तो उपयोगी नाही. एचआयव्हीच्या कायद्यात मात्र तक्रार करणाऱ्याला किंवा माहिती देणाऱ्याला त्रास देण्यास स्पष्ट मनाई आहे, म्हणून तशा प्रकरणात तुमची बाजू अधिक भक्कम असते. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क वेगळा नमूद आहे. तुमच्या प्रसंगात यातला कोणताही कायदा थेट लागत नाही, म्हणून पोच घेतलेली प्रत हेच तुमचे मुख्य संरक्षण. ती घरी ठेवा, लॉकरमध्ये नको.

रुग्णालयाने तक्रार दाबली तर काय, हा शेवटचा भाग. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्याला कळवण्याचे बंधन त्यात संस्थेवर आहे. म्हणजे मुलीला सांगण्याचे काम रुग्णालयाचे आहे, आणि ते तिच्या डॉक्टरांनी, समोर बसवून, औषध चालू राहील याची काळजी घेत करावे, असा आग्रह तुम्ही मेट्रनकडे जरूर धरा. दोनतीन आठवड्यांत कोणी तुम्हाला बोलावलेही नाही, तर अधीक्षकांना पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. त्यालाही उत्तर आले नाही, तर खासगी रुग्णालयांसाठी कर्नाटकाच्या २००७ च्या कायद्यात, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाची तरतूद आहे; जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात, आणि रुग्णांच्या हक्कांची सनद त्याच कायद्याचा भाग आहे. तिथेही पत्र तसेच लिहा, मुलीचे नाव आणि आजार वगळून, सोबत पहिल्या पत्राची पोच जोडून. आणि पुढे त्या मुलीने स्वतःच दाद मागायची ठरवली व तुम्हाला काय पाहिले असे विचारले गेले, तर पत्रात लिहिले होते तेवढेच, त्याच शब्दांत सांगा.